बारा नंबरचे दिघे

विलास मढवीला या व्यवहारात काय मिळणार होतं ते आधी सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे त्याची कीव करायची की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल. वाशीत खाडीच्या अंगाला एका बिल्डरने सोळा फ्लॅटची इमारत उभी केली होती, नाव प्रभात. साल त्र्याऐंशी. एका फ्लॅटची किंमत ऐंशी हजार. पंधरा फ्लॅट गुढीपाडव्याच्या आत विकले, तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडून दोन टक्के दलाली विलासची आणि उरलेला बारा नंबर त्याला फुकट. कागदावर काही नव्हतं, पण बिल्डर शब्दाचा पक्का होता आणि विलास मागे लागण्यात पक्का होता.

विलास राहायचा सानपाडा गावात, भावाच्या घरातल्या दोन खोल्यांत. तीन घरांत मिळून एक नळ. बायको जयमाला रोज पहाटे उठून हंडे लावायची आणि रोज एकदा विचारायची, "आपलं घर कवा दावनार?" तिने हळदीच्या डब्यात दोनशे चाळीस रुपये साठवले होते, नव्या घराच्या पडद्यांसाठी. पाच-पाचच्या नोटा, प्रत्येकीची चौघडी. मुलगी मीना पहिलीत होती. तिची बडबड इतकी, की तिची आजी बायजाबाई म्हणायची, हिला रेडिओसारखं लायसन लागंल.

अडचण एकच होती. पहिला फ्लॅट कोणी घेईना.

घर बघायला आलेला पुरुष भिंतीवर टिचकी मारून बघतो, पण सौदा ठरवते ती त्याची बायको, आणि ती बघते शेजार. प्रभातमध्ये शेजार नव्हता. सोळाही दारांना कुलपं, जिन्यात दिवे नाहीत, मागे खारफुटी आणि दिवस कलला की तिथून कोल्ह्यांची ओरड. दादरहून आलेल्या एका बाईने गच्चीवरून चारी बाजूंना पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, इथे वाटीभर साखर मागायची तर कुणाकडे? विलासने ते ऐकलं आणि मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने घरून जयमालाची जांभळी साडी, मीनाचा पिवळा फ्रॉक आणि स्वतःचा एक लेंगा उचलला. बारा नंबरच्या गॅलरीत दोरी बांधून ते वाळत घातले. दारात चपलांचे तीन जोड मांडले, तेही घरचेच. राहिली पाटी. स्वतःचं नाव लावलं असतं तर दलालच शेजारी म्हणून गिऱ्हाइकं बिचकली असती. तुर्भ्याच्या पेंटरकडे कोणीतरी करायला सांगून न्यायला न आलेली एक पाटी पडून होती, 'स. ना. दिघे'. विलासने ती तीन रुपयांत घेतली. पेंटरला विचारलं, ज्याची आहे तो आला तर? पेंटर म्हणाला, आता पाटी लागली म्हटल्यावर येईलच की.

चौथ्या दिवशी पहिला फ्लॅट गेला. घेणारे मधुकर हिवाळे, बँकेत कारकून, मूळचे जालन्याकडचे. त्यांनी अकरा नंबर घेतला, कारण समोर बारा नंबरात वस्ती होती. दिघे कसे आहेत, असं त्यांनी विचारलं. विलास म्हणाला, मंत्रालयात आहेत, सकाळी सातची बस, संध्याकाळी आठला घरी, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

पुढच्या गिऱ्हाइकांना त्याने ज्याला जसे हवे तसे दिघे मोजून दिले. घाटकोपरहून एक शाकाहारी कुटुंब आलं, त्यांना सांगितलं, दिघ्यांकडे मासळी शिजत नाही, निर्धास्त राहा. एक निवृत्त मास्तर आले, त्यांना पोराटोरांच्या कलकलाटाची चीड होती. त्यांना सांगितलं, दिघ्यांना एकच मुलगी, घरात आहे की नाही ते कळतसुद्धा नाही. दिवाळीपर्यंत सहा फ्लॅट गेले. खोटं बोलण्याचा खर्च काहीच नव्हता, असा त्याचा हिशेब.

दिवाळीनंतर एकदा तो दोरीवरचे कपडे बदलायला बारा नंबरात गेला. एकच साडी कायम वाळत असली तर कोणालाही संशय आला असता. जांभळी साडी दोरीवरच होती, पण ओली. काठातून पाणी ठिबकत होतं. लेंग्याला निळीचा वास होता. नळ अजून जोडलेला नव्हता. विलासने मोरीत जाऊन पाहिलं, फरशी कोरडी होती.

खाली मारोती वॉचमन विडी ओढत बसला होता. विलासने विचारलं, वर कोण गेलं होतं?

"कोन जाईल सायेब? वैनीच हायत्या घरी."

"कुठल्या वैनी?"

मारोतीने विडी तोंडातून काढली आणि त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "दिघेवैनी. तुमीच ठिवलं ना त्यास्नी?"

विलास हसला. आपली युक्ती वॉचमनलाही पटली, याचा त्याला अभिमानच वाटला. साडीचं काय ते त्याने पावसाच्या शिंतोड्यांवर ढकललं. पाऊस जाऊन महिना झाला होता.

मग हिवाळेबाई भेटल्या, जिन्यात, हातात झाकलेली वाटी. सहज म्हणाल्या, शेजार चांगला मिळाला हो. काल विरजण नव्हतं, दिघेवहिनींनी दिलं. दही काय लागलंय, सुरीने कापावं असं. त्यांनी झाकण काढून दाखवलं. दही खरोखर घट्ट होतं, आणि वाटीच्या कडेला एक टवका उडालेला होता. तशीच टवका उडालेली वाटी विलासच्या घरी होती. मीनाने पाडली होती.

घरी जाऊन त्याने फळीवर पाहिलं. वाटी नव्हती. जयमालाला विचारलं तर ती म्हणाली, असंल कुठं. पूर्वी एक चमचा हरवला तरी तिने सगळी आळी उलथीपालथी केली असती. त्या रात्री जेवायला वरण-भात होता. सुकट संपली का, असं त्याने विचारलं. जयमाला म्हणाली, नको वाटते हल्ली, वास सहन होत नाही. बायजाबाईने भाकरी थापता थापता सुनेकडे पाहिलं. खाडीकाठी जन्मलेली पोर, तिला मासळीचा वास सहन होत नाही.

मीना शेजारी बसून जेवत होती. विलासच्या लक्षात आलं, ती जेवायला बसली कधी हे त्याला कळलंच नव्हतं. तिला म्हटलं, बोल काहीतरी. तिने हातातला घास खाली ठेवला.

"बाबा, आपण घरी कधी जायचं?"

"हे घरच हाय ना गं."

ती परत जेवू लागली.

इथे थांबायला हवं होतं, हे विलासलाही कळत होतं. पाटी काढायची, कपडे आणायचे, विषय संपवायचा. पण बारा फ्लॅट गेले होते, तीन राहिले होते आणि पाडवा दीड महिन्यावर होता. बारा नंबर रिकामा दिसला असता तर बाकीचे घाबरले असते. दीड महिना काय, बघता बघता जाईल. आणि नाहीतरी हे सगळं तो त्या दोघींसाठीच करत होता. त्याने पाटी राहू दिली.

पाडव्याला चार दिवस असताना पंधरावा फ्लॅट गेला. विलास बिल्डरच्या ऑफिसात बारा नंबरची चावी आणि ताब्याची चिठ्ठी मागायला गेला. तिथल्या मुनशीने सोसायटीची यादी पुढे सरकवली. ही यादी करायला तो स्वतः प्रभातमध्ये गेला होता आणि दारांवरच्या पाट्या वाचून त्याने नावं उतरवली होती. सोळा फ्लॅट, सोळा नावं. बारा, स. ना. दिघे. विजेचं मीटरही त्याच नावाने आलं होतं.

विलास म्हणाला, अहो, ती पाटी मीच लावलीय, असा कोणी माणूसच नाही. मुनशीने चष्म्यावरून पाहिलं.

"काल तर सही करून गेले."

यादीत सही होती. बारीक, सरळ, सरकारी.

विलास तिथून उठला तो थेट प्रभातला आला. भर दुपार होती. दुसऱ्या मजल्यावर फोडणीचा वास होता, हिंगाचा. दारात चपलांचे तीन जोड, टाचांना झिजलेले. त्याने खिशातून पेचकस काढला आणि पाटीच्या स्क्रूला लावला. स्क्रू गंजून लाकडात बसला होता. वर्षानुवर्षं बसलेला असावा तसा. पाटीभोवती दाराचा रंग उन्हाने फिका पडला होता. दार बसवून सातच महिने झाले होते.

दार आतून उघडलं.

जयमाला उभी होती. अंगावर जांभळी साडी, हात पिठाचे. तिच्यामागे मीना, पिवळ्या फ्रॉकमध्ये, दाराची कड धरून. खिडकीला फुलाफुलांचे पडदे होते.

"जयमाला," तो म्हणाला, "तू हितं कशी आलीस?"

ती जरा मागे सरली. अनोळखी माणसापुढे सरतात तेवढीच.

"हे बाहेर गेलेत. पाणी हवंय का आपल्याला?"

पाणी. सात वर्षं तिच्या तोंडून त्याने पानी ऐकलं होतं.

"मीना," तो म्हणाला. मुलीने आईकडे पाहिलं.

तो जिन्याकडे वळला तेव्हा मागून हाक आली.

"अहो, थांबा. तुम्ही मढवी ना? एजंट? हे सांगून गेलेत, तुमचं द्यायचं राहिलंय."

तिने फुगलेलं पाकीट पुढे केलं. विलासने ते घेतलं. सवयीने हात पुढे झाला, तो मागे घ्यायचं त्याला सुचलं नाही. बाहेर गेलेत म्हणाली होती, तरी आतून एका पुरुषाचा खोकला ऐकू आला. जयमालाने हसून दार लावलं.

सानपाड्यापर्यंत तो पळतच आला. अंगणात वलणीवर त्याचा एकट्याचा शर्ट होता. बायजाबाईने पाट मांडला होता, एक. ताटात सुकट.

"आये, जयमाला कुठं हाय?"

बायजाबाईने पाण्याचा तांब्या ठेवला. "आता तरी लगीन कर, म्हंजी कोनाची तरी वाट बघायला व्हईल," ती म्हणाली.

तो चुलीजवळच्या फळीपाशी गेला. हळदीचा डबा नव्हता. धुळीत त्याच्या बुडाचा गोल होता.

मग त्याने पाकीट उघडलं आणि ताटासमोर बसून मोजलं. शंभराच्या तेरा, पन्नासाची एक, दहाची एक. खाली पाच-पाचच्या अठ्ठेचाळीस, प्रत्येकीची चौघडी, कडेला हळद.

ऐंशी हजारांचे दोन टक्के, सोळाशे. पंधरा घरांची दलाली पंधरा घरांनी दिली होती, सोळाव्याचीही आली. रुपया कमी नव्हता.