पूर मोजणारा प्रोग्रॅम

गाळाने भरलेला एक बूट.

मशीनचं घड्याळ, बरोबर वेळ दाखवणारं.

भरपूर मोकळी मेमरी, आणि तरी मेलेला प्रोग्रॅम.

न वाजलेला सायरन.

"वहिनी, तुमच्या फुकटच्या कंपायलरने बाबांना मारलं." ऑपरेटरचा आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त लागला.

पुराचा अंदाज काढणाऱ्या त्या खोलीत चौघं होती. चौकशीला आलेल्या बाई, प्रोग्रॅम बांधणारी वहिनी, तिचा धाकटा दीर म्हणजे हा ऑपरेटर, आणि मशीन सांभाळणारे दादा. बांधावरचा पहारेकरी हा ऑपरेटरचा बाप, वहिनीचा सासरा. परवा दुपारी तो सायरनपाशी फोनची वाट बघत उभा राहिला. फोन आला नाही, पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत बाईंना दोषीचं नाव द्यायचं होतं. वरून ते जवळजवळ ठरूनच आलं होतं, टेबलावरच्या कागदावर लिहिलेलं: वहिनी.

"दादांचा जुना प्रोग्रॅम चांगला होता ना?" बाईंनी विचारलं.

"अचूक, पण फार हळू," वहिनी म्हणाली. "एकच प्रोसेसर वापरायचा. मी तो खुल्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या फुकट साधनावर, नव्याने बांधला, सगळे प्रोसेसर एकदम जुंपले. ऑपरेटर ज्यातून प्रोग्रॅम चालवतात त्या ड्यूटीच्या खात्याची मेमरीची मर्यादाही दादांकडून वाढवून घेतली."

"घेतली, आणि तरी आपटला," दादा म्हणाले. "माझा कधी आपटला नाही. फुकटात आणखी काय मिळणार?"

"मग तुम्ही काय केलंत?" बाईंनी ऑपरेटरला विचारलं.

"पुन्हा लावला. पुन्हा पडला. पुराचा आकडा आल्याशिवाय बांधावर फोन करायचा नाही, असा नियम आहे."

बाईंनी वहिनीला तिच्या स्वतःच्या खात्यातून परवाचेच आकडे चालवायला लावले. प्रोग्रॅम सुरळीत संपला. मग ड्यूटीच्या खात्यातून. पडला. त्याच खात्यातून कोरड्या दिवसाचे आकडे. चालला.

"भूत आहे म्हणा," दादा हसले. बाकी कुणी हसलं नाही.

"या खात्यातून तुम्ही बाहेर कधी पडता?" बाईंनी ऑपरेटरला विचारलं.

"पडतच नाही," ऑपरेटर म्हणाला. "पाळी बदलली तरी खातं उघडंच. माणूस उठतो, खुर्ची गरम राहते."

"परवा?"

"परवा सकाळी एकदा. दादा म्हणाले, मशीनचं घड्याळ मागे पडलंय, बाहेर पडून परत आत ये."

"घड्याळ आपोआप लागतं इथे," वहिनी पुटपुटली.

"आत्ताची मर्यादा दाखवा," बाई म्हणाल्या.

ऑपरेटरने आज्ञा टाइप केली. आकडा उमटला. वहिनीने वाढवून घेतला होता तो नव्हे, त्याआधीचा, छोटा.

बाई दादांकडे वळल्या. "मशीनमध्ये मेमरी कितीही मोकळी असो, ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला स्टॅक नावाचा एक कप्पा मोजूनच देते; ही मर्यादा त्याचीच. त्याबाहेर गेला की प्रोग्रॅम मेला. जुना कंपायलर नदीचे तक्ते त्या कप्प्याबाहेर ठेवायचा. नव्याला सगळे प्रोसेसर वापरायला सांगितलं, की तो ते आत ठेवतो. कोरड्या दिवशी तक्ते लहान, मावतात. पुरात मावत नाहीत. परवा पावसाचा इशारा आला आणि तुम्ही ड्यूटीच्या खात्याची मर्यादा उतरवलीत. पण उघड्या खात्याला नवी मर्यादा लागत नाही. माणूस परत आत शिरला की लागते. म्हणून ते घड्याळाचं निमित्त."

"कुणीही बदलली असेल."

"बदलायचा अधिकार एकट्या तुम्हाला आहे."

दादा पडद्याकडे वळले.

"माझा जुना मी शेजारच्या मशीनवर लावला होता," ते म्हणाले. "हिचा पडला की माझा आकडा येणार, फोन मी करणार. सगळ्यांना कळलं असतं कुणाचं काम टिकतं ते."

"मग केला का नाहीत?"

"अजून चालूच होता तो."

"पाणी आलं तेव्हा?"

"तेव्हाही."

ऑपरेटर उठला. "बाबा तुम्हाला भाऊ मानायचे." मग तो वहिनीपाशी जाऊन उभा राहिला, पण तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही. तिने कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी नाव खोडलं, दुसरं लिहिलं.

परवा सकाळी पहारेकऱ्याने सायरनला वंगण घातलं होतं.