ओके म्हणजे रिपीट नव्हे

पहिल्याच दिवशी तो तिच्या क्रेनखाली मरता मरता वाचला.

ती वर, काचेच्या केबिनमध्ये. बंदराच्या यार्डातलं काहीच तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून सगळे तिला घार म्हणायचे. खाली वॉकीटॉकी घेऊन नवा सिग्नलवाला. "माणसं बाजूला घ्या, कंटेनर उचलतेय," ती म्हणाली. खालून उत्तर आलं, "ओके." तिनं कंटेनर उचलला आणि बघते तर काय... सगळ्यांना बाजूला काढून हा पठ्ठ्या स्वतः बरोबर खाली उभा! तिच्या तोंडचं पाणीच पळालं. तिनं करकचून ब्रेक लावला.

शिडी उतरून ती तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माणसं बाजूला घ्या म्हटलं होतं. तुम्ही काय माणूस नाही?"

"मी... ओके म्हटलं की."

"ओके म्हणजे रिपीट नव्हे! रिपीट म्हणजे जे कानावर पडलं तेच, जसंच्या तसं परत बोलायचं. अर्थ सांगायचा नाही, पदरचं घालायचं नाही. समोरचा 'बरोबर' म्हणाला की मगच हात हलवायचा. कळलं?"

तिच्या गालावर ग्रीस होतं आणि डोळ्यांत पाणी. तो बघतच राहिला.

"ओके म्हणजे रिपीट नव्हे," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "रिपीट म्हणजे जे कानावर पडलं तेच, जसंच्या तसं..."

"पुरे!" हसू लपवायला तिला पाठ फिरवावी लागली.

त्या दिवसापासून रिपीट दोघांच्या अंगवळणी पडलं. "हूक डावीकडे." "हूक डावीकडे." "बरोबर." दिवसभर हेच. पण तो सुट्टीवर असला की तिला मेलं जेवण जात नसे.

"वारा सुटलाय, सांभाळ," तो सांगायचा.

"वारा सुटलाय, सांभाळ... हे कंटेनरला की मला?"

"रिपीट कर. पदरचं घालू नकोस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

आणि एका सकाळी साहेबांनी बॉम्बच टाकला. "घार, उद्यापासून तू नव्या बंदरावर. आज इथली शेवटची शिफ्ट." ती सुन्न झाली. नवं बंदर म्हणजे रात्रभराचा प्रवास! तिनं शेजारी उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. एक शब्द नाही! तोंडात काय मूग भरलेत याच्या? आज बोलला नाही, तर संपलंच सगळं.

दिवसभर नुसतं "हूक खाली", "हूक वर". संध्याकाळी शेवटचा कंटेनर उतरला. मग वॉकीटॉकीत खरखर झाली, आणि हळूच त्याचा आवाज आला...

"तुझ्याशिवाय मला नाही करमणार."

"तुझ्याशिवाय मला नाही करमणार," ती सवयीनं म्हणाली, आणि 'बरोबर'ची वाट बघत बसली.

मग एकदम तिच्या लक्षात आलं. अगं बाई! काय बोलले मी? तेही सगळ्या यार्डाच्या वॉकीटॉकीवर! फोर्कलिफ्टवाले जागच्या जागी थांबले होते. साहेबांचा चहाचा कप हवेतच. आणि खाली तो, पांढराफटक.

"अगं... बटण दाबलेलंच राहिलं," तो चाचरत म्हणाला. "मी आपलं स्वतःशीच... तू नुसतं रिपीट केलंस ना?"

हो म्हटलं असतं तर लाज राहिली असती. तिनं क्रेन बंद केली, शिडी उतरली आणि त्याच्या हातातला वॉकीटॉकी काढून घेतला.

"हे आता माझे शब्द. कुणाचं ऐकून नाही," ती म्हणाली. "नव्या बंदरावर सिग्नलवाला हवाय. सकाळीच साहेबांना विचारून ठेवलंय मी. पण तू तोंड उघडशील तेव्हा ना! मला तुझ्यासोबतच राहायचंय. तिथेही, आणि घरीही."

त्याची बोबडीच वळली. "ओ... ओके."

"ओके म्हणजे..."

"मला तुझ्यासोबतच राहायचंय," तो घाईघाईनं म्हणाला. "तिथेही, आणि घरीही."

तो उभाच होता, हात अंगाशी घट्ट धरून, तिच्या तोंडाकडे बघत.

"बरोबर," ती म्हणाली.

मगच त्यानं तिचा हात धरला.