अंतरपाट क्रांतीच्या हातात

शिवाजी पेठेत एका तालमीच्या भिंतीला लागून लहान मुलांचं फिजिओथेरपी केंद्र आहे. त्या गुरुवारी तालमीतल्या पोरांचा फुटबॉल तिसऱ्यांदा खिडकीवर आदळून दारातून आत आला, तेव्हा केंद्रातली थेरपिस्ट निशिगंधा चेंडू काखेत मारून भांडायला बाहेर पडली, आणि दारातच एका माणसाला धडकली. त्याच्या कडेवर सहा वर्षांची मुलगी होती.

"अवो ताई," तो म्हणाला, "पोरांच्या व्यायामाचं हितंच न्हवं?"

ताई. हा शब्द पुढं दोन महिने त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून राहणार होता. पण तेव्हा ते त्याला ठाऊक नव्हतं.

माणूस पन्हाळ्याजवळच्या कोडोलीचा, नाव कृष्णात. सकाळी दूध संस्थेत दुधाची फॅट तपासायची आणि लग्नसराईत माईकवर मंगलाष्टका म्हणायच्या, त्याही स्वतः जुळवलेल्या. कडेवरची ती भाची, क्रांती. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. तेव्हापासून पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांत अडकणारे. तिच्या आईचं दुसरं बाळ तान्हं, म्हणून दर गुरुवारी मामा.

पहिल्याच दिवशी कळलं, की मुलगी व्यायामाचा बार, म्हणजे आडवी दांडी, धरून उभी राहते. हात सोडला की मागं कलंडते. पण पडत कधीच नाही, कारण मागं मामा असतो.

"मागून हटा," निशिगंधा म्हणाली. "तुम्ही आहात हे तिच्या पाठीला माहीत आहे. म्हणून पाठ कामच करत नाही."

"मामा पाठीशीच उभा ऱ्हातो की. रीतच हाय."

"ती लग्नात. इथं समोर बसा."

तो समोर बसला. निशिगंधानं फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलं : आधाराशिवाय चार मिनिटं उभी राहणे. ते जमलं की फाईल बंद, पुढचा व्यायाम घरी. दुसऱ्या गुरुवारी त्यानं डब्यातून खरवस आणला, तेव्हा तिनं तो तसाच केंद्रातल्या मावशींकडं, बायडाबाईंकडं सरकवला आणि सांगितलं, की फाईल उघडी आहे तोवर पेशंटच्या घरचा चहासुद्धा ती घेत नाही. बायडाबाईंनी खरवस खाल्ला. वेलदोडा कमी पडलाय, एवढंच म्हणाल्या.

लग्नाचा खेळ क्रांतीनं काढला. बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं, अंतरपाट आपण धरायचा. अंतरपाट धरायचा म्हणजे दोन्ही हात कापडाला... म्हणजे बार सुटला. निशिगंधाच्या ते लगेच ध्यानात आलं. बायडाबाईंच्या जुन्या पिवळ्या लुगड्याचा तुकडा निघाला; एक टोक बाजूच्या भिंतीतल्या खुंटीला, दुसरं क्रांतीच्या दोन्ही मुठींत. पण बाहुल्या सारख्या लवंडायच्या. मग क्रांतीनं हुकूम सोडला, की एका बाजूला मॅडमनी बसायचं आणि दुसऱ्या बाजूला मामानं.

दोघं गादीवर गुडघे टेकून बसले. मध्ये पिवळं कापड. निशिगंधा खिडकीच्या बाजूला, क्रांतीच्या कमरेमागं हात धरून — न लावता, नुसता धरून. तिसऱ्या प्रहराचं ऊन तिच्या पाठीवर, त्यामुळं पलीकडून कृष्णातला तिची सावली दिसे. कपाळ, नाक, सुटलेली एक बट. तिला मात्र काहीच दिसत नसे. नुसता आवाज ऐकू येई.

*पन्हाळ्याच्या पायथ्याला गं, ऊस लागला डोलाया,*
*उभी ऱ्हायली क्रांतीबाई, वऱ्हाडाला बोलवाया...*

पहिल्या दिवशी एक मंगलाष्टक झालं आणि 'सावधान' म्हणताच क्रांती मटकन बसली. वीस सेकंद. रीत अशी, की मंगलाष्टका संपल्याशिवाय अंतरपाट खाली येत नाही, आणि ही गोष्ट कोडोलीच्या पोरीला कुणी शिकवावी लागत नव्हती.

पुढं मंगलाष्टका वाढू लागल्या. त्यात कोडोलीची म्हस आली, दूध संस्थेतलं मशीन आलं, बायडाबाईंचा तपकिरीचा डबा आला. कापडापलीकडून हसू ऐकू येई. सावली हलली की कृष्णातला आणखी एक कडवं सुचे. एकदा तिनं विचारलं, गावातल्या लग्नांतही इतकं लांबवता का?

"तिथं जेवणाच्या पंगती थांबलेल्या असत्यात," तो म्हणाला. "हितं कुणाची घाई हाय?"

"नवरीला ताई म्हणणारा नवरा स्वतःच्या लग्नात एवढा रमलेला मी पहिल्यांदाच बघतेय."

 तो कापडाला म्हणाला, "तेवढं माघारी घेतलं तर चालंल का?"

"काय?"

"ताई."

सावली हलली नाही. "चालेल," ती म्हणाली. "फाईलीत कुठं लिहिलेलं नाही."

हिशेब त्याच्या ध्यानात आला तो तीन महिन्यांनी. तो मंगलाष्टका लांबवत होता ते सावली जरा जास्त वेळ दिसावी म्हणून, आणि मंगलाष्टका लांबतील तेवढा वेळ क्रांती उभी राहत होती. एक मिनिट, दीड, अडीच, साडेतीन. जेवढं लांबवलं, तेवढं संपणं जवळ आलं. त्याला वाटलं, पुढच्या गुरुवारी दोनच कडव्यांत 'सावधान' म्हणावं. पण तो गुरुवार आला, पिवळ्या कापडावरून भाचीच्या घट्ट आवळलेल्या मुठी दिसल्या, आणि त्यानं आवाज आखडता घेतला नाही.

सगळी जुनी कडवी संपली. पलीकडं निशिगंधा घड्याळ बघत होती. त्यानं एक नवं कडवं घेतलं, जरा खालच्या पट्टीत.

*पडद्याच्या पल्याड गं, सावली एक बसली,*
*तिचं नाव घेता घेता, माझी ओळच फसली...*

आणि खरंच फसली. पुढं काही सुचेना. भिंतीपलीकडं तालमीत शड्डू वाजत होते.

"मामा, सावधान म्हण की," क्रांती म्हणाली.

तो बोलला नाही. बोललं की कापड खाली येणार.

"सावधान," निशिगंधा म्हणाली.

क्रांतीनं कापड सोडलं. दोघं समोरासमोर आले. निशिगंधाचे डोळे घड्याळावर होते. चार मिनिटं, अकरा सेकंद. तिनं गादीशेजारची फाईल ओढली, आकडा लिहिला, खाली सही केली, तारीख घातली. पेनाला टोपण लावलं.

"झालं," ती म्हणाली. "फाईल बंद."

"व्हय." तो गादीच्या शिवणीकडं बघत राहिला. "लई उपकार झालं, म्याडम."

"मॅडम फाईलीत. खरवस पुन्हा कधी मिळेल?"

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दुसरी म्हस व्यायला... अजून म्हैना हाय."

"मग महिनाभर रिकाम्या हातानं या. गुरुवारी सहाला सुटते मी. पण दारात माझ्या मागं उभं राहायचं नाही."

"समोर," तो म्हणाला. "शिकलोय की."

"वेलदोडा जास्त घाला म्हणावं," बायडाबाई दारातून म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज बदलला. "अगं बया. हिकडं बघा की कुणीतरी."

क्रांती अजून उभी होती. हातात कापड नव्हतं, मागं कुणाचा हात नव्हता. पाय थोडे थरथरत होते, कपाळावर घाम होता, आणि चेहऱ्यावर वऱ्हाडातल्या थकलेल्या यजमानणीचा राग.

"तुमचं झालं असंल," ती म्हणाली, "तर मी बसू का?"