लारसच्या रक्तातलं लोह

पहिल्याच भेटीत दामारनं माझा हात धरला... म्हणजे काय, धरायचं होतं बहिणीला, आणि हा बाबा डोळे घट्ट मिटून माझंच मनगट पकडून बसला होता!

"मास, सुई तुमच्या बहिणीला टोचायची आहे, तुम्हाला नाही."

"माहीत आहे हो म्बाक... पण बघवत नाही." (आमच्याकडे अनोळखी तरुणाला 'मास' म्हणायचं आणि तरुणीला 'म्बाक', दादा-ताईसारखं.)

लारस सात वर्षांची, स्वमग्न. आई गेलेली, वडील जहाजावर. तिला होता तो हा एकटा भाऊ. सेमारांग शहरातल्या आमच्या दवाखान्यात अशा मुलांच्या रक्तातलं लोह, जस्त, जीवनसत्त्वं तपासत. रक्त मी घ्यायची. त्या दिवशी स्पिरिटचा बोळा लावल्यापासून सुई काढेपर्यंत लारस किंचाळत होती.

रिपोर्टमध्ये लोह फारच कमी निघालं. दामारचा चेहरा मात्र खुलला.

"म्हणजे लोह वाढलं की बोलायला लागेल ना ती?"

"ते रक्तात दिसत नाही, मास," मी म्हटलं. खोटी आशा दाखवणं मला जमत नाही. "पण झोप कदाचित शांत लागेल. खाते काय?"

"पांढरा भात आणि कुरकुरीत क्रुपुक-पापड. बास."

मग औषधासोबत भातात काय काय लपवायचं ते मी त्याला शिकवू लागले. दुपारी दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाडीवर तो हजर!

"आज काय विचारायचंय?"

"सोयाबीनचं टेम्पे तळू की उकडू?"

"काल सांगितलं की!"

"काल तुम्ही हसत होतात... लक्ष कुठे होतं माझं?"

"वेंधळेच आहात."

"आहे ना. म्हणून तर रोज यावं लागतं."

हळूहळू लारस कोंबडीची कलेजी लपवलेला भात खाऊ लागली, अंडं खाऊ लागली. लोह चढत गेलं. त्या तपासण्यांना मी मुद्दाम आत जात नसे, तिनं सुईवालीला विसरावं म्हणून; सहकारीण रक्त घ्यायची. आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आम्हालाही कळलं नाही.

लेबारानला, म्हणजे ईदला, त्यानं घरी बोलावलं. मी काय कमी हुशार! पांढरा कोट नाही, नवी पिवळी ओढणी, हात साबणानं चार-चारदा धुतलेले. लारसनं मला ओळखलंच नाही. माझ्या ओढणीची झालर बोटानं हलवून पाहत राहिली. मला वाटलं, जिंकलं!

"लारस, म्बाक वेनिंगला सालिम कर," दामार कौतुकानं म्हणाला. मोठ्यांचा हात हातात घेऊन नाकाला लावायचा, हे त्यानं तिला महिनोन् महिने खपून शिकवलं होतं.

तिनं माझा हात घेतला. नाकापाशी नेला... आणि तिथंच थांबली.

वर्षानुवर्षांच्या स्पिरिटचा वास एका सकाळच्या साबणानं जात नाही, हे मला तेव्हा कळलं. ती किंकाळी! जमिनीवर डोकं आपटत होती ती. दामारनं तिला पोटाशी आवळून धरलं आणि मी चपला हातात घेऊनच बाहेर पडले. नंतर दोनदा गेले, नुसती दारात उभी राहिले. दोन्ही वेळा तेच.

पुढच्या तपासणीचा रिपोर्ट मीच आधी पाहिला. लोह पहिल्यापेक्षाही खाली आलं होतं.

चहाच्या गाडीवर दामार वाट पाहत होता.

"खाणं सोडलंय तिनं?"

तो ग्लासात बघत राहिला. "फक्त भात खाते. माझ्यावर भरवसा नाही उरला... आतून चिवडून बघते, मग खाते."

"कधीपासून?"

"लेबारानपासून."

"आणि मला बोलला नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का पुन्हा?" "होईल गं सवय तिला. वेनिंग... लग्न कर माझ्याशी."

किती वाट पाहिली होती मी या शब्दांची!

"आणि सवय होईपर्यंत?"

त्यानं ग्लास बाजूला सरकवला.

"नोकरी सोड ना मग," तो हळूच म्हणाला.

"सोडेन रे. पण हात हेच राहतील. ती सुई विसरेल असं तुला खरंच वाटतं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. खोटं बोलणं त्यालाही जमत नाही.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, दामार," मी म्हटलं. पहिल्यांदाच म्हटलं. डोळे वाहत होते, ते पुसलेही नाहीत.

"मग... मग काय करायचं आपण?"

"पुढच्या वेळी तिला मंगळवारी आण. मंगळवारी मी नसते. ना आत, ना इथं गाडीवर."