खळ न उतरलेले झगे

गाठोडं सुटलं आणि लाँड्रीवालीचा हात झग्यावरच थांबला.

चर्चच्या मंडळीचे बाप्तिस्म्याचे चाळीस पांढरे झगे. गुरुवारी तिनेच खळ घालून नव्या सुवार्तिकाकडे, म्हणजे धर्मप्रचारकाकडे, पाठवले होते. आता धुवायला परत आले तेव्हा खांदे मलूल पडले होते, पण खालचा घेर पुठ्ठ्यासारखा कडक. तिने चाळीसच्या चाळीस चाचपले, एक काखोटीला मारला आणि तडक चर्चची सभा गाठली.

आज मतदान होतं. मंडळीचा पैशाचा आधार डोंगरातल्या डॉक्टरबाईंच्या कुष्ठरोग दवाखान्याला ठेवायचा, की या नव्या सुवार्तिकाच्या संस्थेला द्यायचा? आधार गेला की दवाखान्याला कुलूप. सुवार्तिकाची शिफारस लाँड्रीवालीच्या दादाची. तो मंडळीचा सचिव. गेल्याच आठवड्यात त्याने कारखान्यातली नोकरी सोडली होती. का, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

सुवार्तिकाने नदीत चाळीस जणांना बाप्तिस्मा दिल्याचे फोटो हातोहात फिरत होते. ओलेचिंब चेहरे, मिटलेले डोळे. सगळे फक्त छातीपर्यंत.

"पाणी किती खोल होतं?" तिने विचारलं.

"कमरेइतकं," सुवार्तिक म्हणाला.

"पूर्ण बुडवलं?"

"डोक्यासकट. चाळीसही जणांना."

"पाहिलं कुणी?"

"मी!" दादा उसळला. "एकेकाला धरून मीच नदीत उतरवत होतो. पुरे कर आता."

तिने झगा सभा चालवणाऱ्या पाळकांसमोर टेबलावर टाकला.

"पाळकसाहेब, हात लावून बघा. खळ पाण्यात टिकत नाही. नदीत उतरलं की आधी भिजतो तो घेर. इथे घेर कोरडा आणि खांदे भिजलेले. म्हणजे पाणी वरून ओतलंय, फोटोपुरतं. कसली नदी आणि कसला बाप्तिस्मा!"

सुवार्तिकाने मान खाली घातली. "कल्पना यांची होती," तो दादाकडे बोट दाखवत म्हणाला.

"ते कळलंच. नदीत उभा होतो म्हणणारा हाच. दादा, नोकरी का सोडलीस? याच्या संस्थेत कोण होणार होतास?"

"व्यवस्थापक," दादा पुटपुटला. मग तिच्या कानाशी लागला, "घरातलं घरात ठेवायचं गं."

तिला शिसारी आली. याच तोंडाने तो दर रविवारी प्रार्थना चालवत होता. रोग्यांच्या जखमा धुणाऱ्या बाईच्या तोंडचा घास काढताना त्याची जीभ जराही अडखळली नव्हती.

"डॉक्टरबाईंनी आजवर एक फोटो पाठवला नाही," ती म्हणाली. "त्यांना उसंतच नसते."

पाळकाने दवाखान्यासाठी हात वर करायला सांगितलं. एकेक करत सगळे हात वर गेले. शेवटी दादाचाही.

तिने पुढे होऊन तो खाली केला.

"तुझा नको," ती म्हणाली.