बाकाला बांधलेलं सामान

विमानतळावर ट्रॉली एकच उरली होती, आणि तिचंही एक चाक रुसलेलं होतं. मुंगीनं डावीकडून दांडा धरला, त्याच क्षणी उजवीकडूनही एक हात आला. लांब, हाडकुळा, बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा असलेला.

"मी आधी पाहिली," मुंगी म्हणाली.

"मी आधी धरली," हात म्हणाला. म्हणजे हाताचा मालक. केस असे, की कंगव्याशी सात पिढ्यांचं वैर असावं.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. स्वतःच्या दुप्पट वजन उचलून तुरुतुरु चालायची, म्हणून वडिलांनी ठेवलेलं. वडील नाजूक सामान बांधून देत... आरसे, झुंबरं, चिनी मातीची भांडी. त्यांच्या हाताखाली ती गाठी मारायला शिकली. वडील गेले, तशी गिऱ्हाइकंही गेली. आता दूरच्या शहरातल्या एका वस्तुसंग्रहालयात बांधणीच्या कामाची जागा निघाली होती, आणि उद्या दुपारी परीक्षा होती. एक काचेची वस्तू बांधून दाखवायची. फुटली की संपलं, पुन्हा संधी नाही. आणि तिचे हात तर लटलट कापत होते. आईच्या तापात दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ताप उतरल्याबरोबर आईनं तिला जवळजवळ ढकलूनच घराबाहेर काढलं, पण बोटांची थरथर तिच्याबरोबर विमानात बसून आली होती.

त्या काळी दोन कंपन्यांची दोन तिकिटं असली, की मधल्या विमानतळावर सामान उतरवून घ्यावं लागे. रात्रभर उराशी बाळगायचं आणि सकाळी पुन्हा वजनाला द्यायचं. सामान ठेवायच्या खोलीला तर संध्याकाळीच कुलूप लागलं होतं.

"कुठवर न्यायचंय तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"त्या काचेजवळच्या बाकापर्यंत."

"मलाही तिथंच. मग भांडतोय कशाला आपण?"

त्याची लोखंडी अवजारांची पेटी खाली, तिचं खोकं वर, खोक्यावर बॅग. रुसलेलं चाक सारखं एका अंगाला ओढायचं, म्हणून दोघांनी मिळून ढकलावं लागलं. दोनदा खांद्याला खांदा लागला. दोघांनीही चाकाला दोष दिला.

तो भट्ट्या बसवणारा मिस्त्री होता. गावोगावच्या बेकऱ्यांतून पाव भाजायच्या भट्ट्या बसवत हिंडायचा. त्यानं जाऊन दोन कप चहा आणला. मुंगीनं कप हातात घेतला आणि अर्धा चहा बशीत नाही, थेट त्याच्या बुटावर!

"अगं बाई! भाजलं का?"

"माझा धंदाच भाजायचा आहे," तो म्हणाला. मग तिच्या बोटांकडे बघून जरा गंभीर झाला. "ताप आहे का तुम्हाला?"

"ताप नाही, झोप राहिलीय. उद्या काच बांधायचीय, आणि हे हात बघा..." परीक्षेचं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

"मग झोपा की."

"आणि सामान?"

"मी आहे ना."

"तुम्हीच चोर असलात तर?"

"ट्रॉलीवरून संशय आलाच असेल म्हणा!"

मुंगीला हसू आलं. तिनं खोक्यातून सुती दोर काढला, वापरून वापरून मऊ पडलेला. बॅग, खोकं आणि त्याची पेटी, तिन्ही एकत्र ओवून तिनं बाकाच्या पायाला बांधली.

"माझी पेटी कशाला?"

"ती अडकलेली असली म्हणजे तुम्हाला पळता यायचं नाही."

तो खो-खो हसला. वाकून बघितलं, एक टोक ओढून पाहिलं. "आपली अशी गाठ पडेल, असं वाटलं नव्हतं."

"सामानाची?"

"हो... सामानाचीच म्हणतोय मी." कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. "ही सुटते कशी?"

"माझ्या हातानं. दुसऱ्यानं ओढली की आणखी आवळते."

"आणि कापली तर?"

"तर उद्या मी काय बांधू, कपाळ? वडिलांचा दोर आहे. हा नसला की माझा हातच चालत नाही."

ठरलं असं, की आधी ती झोपेल, तो जागेल. पहाटे त्याचं विमान. त्याआधी तो तिला उठवेल, ती गाठ सोडेल आणि मग आपलं सामान स्वतः राखेल.

"नक्की उठवा हं," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या ओठांतच झोपी गेलं.

ती जागी झाली तेव्हा तोंडावर ऊन होतं. डोक्याखाली घडी घातलेला निळा स्वेटर. समोरच्या, विमानांच्या वेळांच्या फळ्यावरची अक्षरं फडफडत बदलत होती... तिनं डोळे चोळून पुन्हा वाचलं, आणि ताडकन उठून बसली.

"अहो! तुमचं विमान!"

"गेलं," मिस्त्री म्हणाला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, पेटीवर पाय ठेवून तो बसला होता. डोळे लाल, केस कालच्यापेक्षा भयंकर. "छान उडालं. काचेतून बघितलं मी."

"उठवलं का नाही मला?"

"उठवलं की. तुम्ही म्हणालात, 'बाबा, पाच मिनिटं,' आणि कूस बदललीत. मग मला काही दुसरी हाक मारवेना."

"वेडे आहात का तुम्ही? पेटी सोडवायची होती..."

"दोर कापून?"

मुंगीनं दोर चाचपला. कुठंही कापलेला नव्हता.

"बेकरीच्या मालकाला फोन केला," तो सांगू लागला. "त्यानं मला कच्चा खाल्ला. खाऊ दे. भट्टी एक दिवस उशिरा पेटली, तर लोक शिळा पाव खातील. तुमची काच फुटली असती, तर..." तो थांबला. बूट बघू लागला. "संध्याकाळी दुसरं विमान आहे. तुमच्याला मात्र तासच राहिलाय. आवरा आता."

ती वाकली. गाठीवर बोटं ठेवली. बोटं स्थिर होती — देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखी. गाठ अलगद उकलली. त्याचे आभार मानायला तिनं तोंड उघडलं, पण... एका रात्रीच्या झोपेला काय म्हणायचं असतं? कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं स्वेटर त्याच्या हातात दिला आणि सामान ढकलत पळाली. रांगेतून वळून पाहिलं, तर तो स्वेटर हातात धरून तसाच उभा होता.

परीक्षेत दिव्याची चिमणी निघाली, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. मुंगीनं ती कागदात निजवली, कडेनं पेंढा भरला, खोक्याला दोर घातला. परीक्षक बाईंनी खोकं जिन्यावरून खाली गडगडत सोडलं. ते शेवटच्या पायरीपर्यंत जाईस्तोवर मुंगीनं श्वास घेतला नाही. बाईंनी खोकं उघडलं, चिमणी उजेडात धरली, बोटानं टिचकी मारली. किण्ण!

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या.

बाहेर येताच मुंगीनं पहिला फोन आईला केला. दुसरा त्या मधल्या विमानतळावर, चौकशीच्या खिडकीत. मिस्त्रीच्या पेटीवर रंगवलेलं नाव तिनं सांगितलं.

"त्या नावाचे तीन प्रवासी आहेत आज," तिकडची बाई म्हणाली. "काही खूण?"

"भट्ट्या बसवतात. आणि केस... केस तुम्हाला लांबूनच दिसतील."

"दिसले!" बाई हसली. "काचेजवळच्या बाकावर बसल्या बसल्या पेंगतोय. उठवू?"

"उठवा... हळू उठवा हं."

फोनवर आधी धापा आल्या, मग आवाज. "शाबूत?"

"शाबूत."

पलीकडे त्यानं सोडलेला निःश्वास तिला स्पष्ट ऐकू आला. "ऐका ना," तो म्हणाला, "संध्याकाळचं विमान सोडून तुमच्याकडेच येऊ का?"

"मुळीच नाही. काम टाकून आलेला माणूस मला चालायचा नाही. आधी भट्टी पेटवा. मग या."

"मग... येऊ?"

"सकाळी मी न बोलता पळाले," मुंगी म्हणाली. "जे बोलायचं होतं ते एका भेटीत मावणारं नाही. तेव्हा जरा सवड काढूनच या."

पुढच्या आठवड्यात तो आला. अंगाला ताज्या पावाचा वास, केस पाणी लावून चापून बसवलेले. मुंगीची नव्या शहरातली घरमालकीण मावशी मुद्दाम दारातच खुर्ची टाकून बसली होती. मुलगा मागणी घालायला आलाय, हे तिनं बुटांच्या पॉलिशवरूनच ओळखलं होतं. त्यानं घसा खाकरला. "मला तुम्हाला असं विचारायचं होतं, की..." मुंगी चहा आणायला आत गेली. परत आली, तर चार दिवस भट्टीशी झटलेला तो माणूस भिंतीला डोकं टेकवून गाढ झोपलेला.

"अगं, हा तर घोरतो!" मावशी कुजबुजली. "विचार कर बाई, जन्माचा प्रश्न आहे!"

"घोरू दे," मुंगी म्हणाली, आणि त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून खिडकी लोटून घेतली.