भोवऱ्यातली हाक

ज्यांना ही बनवलेली गोष्ट वाटेल, त्यांनी खुशाल तसं समजावं.

गुल्चेहरा अजून त्याच पंपिंग स्टेशनवर इंजिनियर आहे. ही गोष्ट तिनेच मला सांगितली.

कर्शीच्या माळावरचं स्टेशन. अमूदर्या नदीचं पाणी वर कालव्यात चढवणारं. जुलैतली भर दुपार.

तिचा नवरा तुल्किनही तिथेच कामाला होता. वसंतात पंपासमोरच्या हौदातलं गवत काढताना त्याचा पाय घसरला. पंप पाणी ओढत होता, तोंडाशी भोवरा गरगरत होता...

बुडताना त्याने एकच हाक मारली.

"ओयी!"

म्हणजे, त्यांच्या भाषेत, आई.

त्याचा देह पंपाच्या तोंडावरच्या जाळीशी सापडला. गावाने त्याला माती दिली.

उन्हाळ्यात नदी उतरली. हौदातलं पाणी कमी झालं की भोवरा खोल जायचा, पंप पाण्याबरोबर हवाही गिळायचा आणि सगळी इमारत थडथडायची.

"हा पंप आहे की दमेकरी म्हातारा?" फोरमन नोर्मत अका, म्हणजे नोर्मतदादा, म्हणायचे.

त्या दुपारी मात्र ते हसले नाहीत.

"इंजिनियरबाई... जरा ऐका."

भोवऱ्याने हवा ओढली...

ओ... यी...

"हवेचा आवाज आहे," गुल्चेहरा म्हणाली.

तरी ती काठाशी वाकून पुन्हा ऐकू लागली.

गावात ही बातमी कुणी नेली कोण जाणे. दुसऱ्या दिवसापासून तिची सासू हबीबा काठावर येऊन बसू लागली.

भोवरा हाक मारायचा. म्हातारी ओ द्यायची.

"इथंच आहे रे, बाळा. इथंच आहे."

पाकोळ्या त्या पाण्यावर येईनाशा झाल्या.

मग एक दिवस नोर्मत अकांचाच पाय घसरला. लोकांनी लांब गळ टाकून त्यांना ओढून काढलं. भोवऱ्याने त्यांचा एक बूट नेला.

गुल्चेहराने ठरवलं, आता पुरे.

पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तोंडाखाली पोलादी पाट्यांची उभी फुली. दोन्ही बाजूंना पाणी सरळ आत नेणाऱ्या भिंती. वर तरंगती जाळी. पाण्याला गोल फिरायला जागाच उरणार नव्हती.

सासूने तिचा हात धरला.

"पाट्या ठोकून माझ्या पोराचं तोंड बंद करतेस?"

"आई, उद्या दुसऱ्या कुणाचं पोर जाईल."

"तू बायको होतीस ना त्याची? तुला नाही ऐकू येत?"

येत होतं. रोज येत होतं. रात्री उशीत तोंड खुपसून ती तेच ऐकत होती.

तरी तिने पाट्या लावल्या.

पंप सुरू झाला. थडथड नाही. भोवरा नाही. पाणी सपाट...

म्हातारी वाकून बसली होती.

"ओ दे ना रे... एकदाच."

काहीच नाही.

ती उठली, रुमाल नीट केला. "चालू दे तुझा पंप, पोरी," एवढंच म्हणाली.

तिने अंथरूण धरलं. घास गिळेना. कापसाची बोंडं फुटायच्या आत ती गेली. गुल्चेहराने तिला तुल्किनच्या शेजारीच जागा दिली. माय-लेक भेटले, असं म्हणून स्वतःची समजूत घातली.

शरदात पंप बंद झाला. हौद रिकामा केला. पाट्या तपासायला गुल्चेहरा शिडीने तळाशी उतरली. सकाळची वेळ. वर नोर्मत अका सिगारेट ओढत उभे.

पाणी नव्हतं. वारा नव्हता. पंपाची वीज तोडलेली.

ती पाईपच्या तोंडाशी वाकली...

आतून, अगदी जवळून...

"ओयी...?"

हाक नव्हती ती. विचारणं होतं. अंधारात जाग आलेलं लेकरू विचारतं, तसं.

गुल्चेहराने पाईपच्या काठावर हात टेकला.

"ओयी गेली रे," ती रडत म्हणाली. "तुझ्याकडेच आलीय ना ती?"



मग पुन्हा...

"ओयी...?"

"कुणाशी बोलताय, बाई?" वरून नोर्मत अकांनी विचारलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

पंप आता मुकाट चालतो. शेतं हिरवी आहेत. लोक तिला दुवा देतात.

ती मला एवढंच म्हणाली, "तो अजून तिला शोधतोय. मग... ती गेली कुठे?"